खरखर आणि कुरकुर

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचं कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं, एवढा साधा प्रश्न घेऊन रसिक 'ग्रामोफोन' मासिकाच्या डिजिटल संग्रहात शिरतो. शनिवारची रात्र असते, जेवणं उरकलेली असतात, घरातली मंडळी टीव्हीपुढे असतात. शोधाच्या चौकटीत तो बीथोव्हनचं नाव टाकतो, बटण दाबतो आणि खुर्ची पुढे ओढतो. मध्यरात्र उलटल्यावर बायको पाणी प्यायला उठते तेव्हा गृहस्थ १९२०च्या दशकातल्या कुठल्याशा अंकात नाक खुपसून बसलेला असतो आणि विषय चाललेला असतो बांबूच्या सुयांचा. "अहो, उद्या दूध आणायला तुम्हीच जायचंय," ती बजावते. तो मान हलवतो. बीथोव्हन केव्हाच मागे पडलेला असतो.

संगीतावरची याहून जुनी नियतकालिकं जगात आहेत. लाइपझिगला शूमानने १८३४ साली काढलेलं पत्र आहे, लंडनचं 'म्युझिकल टाइम्स' १८४४पासूनचं आहे. अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' तर १८९४ साली भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्यासाठी निघालं आणि सर्कशी, जत्रा करत करत गाण्यांच्या याद्यांपर्यंत पोचलं. यांचेही जुने अंक आता पडद्यावर वाचता येतात. पण 'ग्रामोफोन'ची लज्जत और. कारण ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी काढलेलं नाही, घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी काढलेलं आहे. गाणारा एक वेळ समाधानी असू शकतो. ऐकणारा समाधानी असल्याचं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

या मासिकाचा पहिला अंक एप्रिल १९२३चा. काढणारा कॉम्प्टन मॅकेंझी, पेशाने कादंबरीकार. संगीताची कसली पदवी नाही, हातात वाद्य नाही. होतं ते फक्त तबकड्यांचं वेड. दुसरं वेड बेटांचं. इंग्लिश खाडीतल्या हर्म आणि जेथू या चिमुकल्या बेटांवर त्याने बिऱ्हाड केलं होतं. शेजारी नसल्यामुळे ग्रामोफोन कितीही मोठ्याने लावायची सोय होती, हा फायदा चाळीत राहिलेल्या वाचकाच्या लगेच लक्षात येईल. डी. एच. लॉरेन्सने बेटांच्या नादी लागलेल्या एका माणसावर कथा लिहिली, ती आपल्यावरच बेतली आहे हे मॅकेंझीने ओळखलं आणि तो भयंकर चिडला. स्वतः कादंबरीकार असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कथेत आपण सापडलो म्हणून रागवावं, हा साहित्यव्यवहारातला रीतसर न्यायच म्हणायचा.

मासिकाची लंडनमधली बाजू सांभाळायला आला ख्रिस्तोफर स्टोन, मॅकेंझीच्या बायकोचा भाऊ. नियतकालिक आपण काढावं आणि राबायला मेहुण्याला बसवावं, ही पद्धत केवळ मराठी नाही तर. याच स्टोनने जुलै १९२७मध्ये बीबीसीवर तबकड्या लावून मधेमधे बोलायला सुरुवात केली आणि ब्रिटनचा पहिला डिस्क जॉकी म्हणून त्याचं नाव झालं. हे काम तो डिनर जॅकेट आणि टाय घालून करायचा म्हणतात. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नसेल असं नाही. पण मोझार्ट लावायचा आणि अंगात कोट नाही, हे त्याच्या मनाला पटलं नसावं.

आता सुयांकडे. कारण संग्रहात शिरलेला प्रत्येक माणूस शेवटी सुयांकडेच जातो.

त्या काळची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायची आणि बारा इंची मोठी तबकडी घेतली तरी एका बाजूला चार-साडेचार मिनिटांच्या पलीकडे संगीत मावत नसे. आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिकसह १९१३ साली मुद्रित केलेली बीथोव्हनची पाचवी सिंफनी आठ बाजूंवर पसरली होती. म्हणजे ऐकणाऱ्याने आठ वेळा उठायचं, किल्ली द्यायची, तबकडी उलटायची आणि सुई बदलायची. होय, सुईसुद्धा. पोलादी सुई एका बाजूपुरती. ती वाजली की टाकायची आणि दोनशेच्या डबीतून नवी घ्यायची. या उधळपट्टीला कारण होतं. तबकडीच्या मसाल्यात दगडाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असे, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं व्हावं. सुई तबकडी खाणार आणि तबकडी सुई खाणार, असा उभयपक्षी करार होता.

यावर उतारा म्हणून बांबूची सुई आली. तिकोनी छेदाची, टोक बोथट झालं की खास कात्रीने तिरपं छाटायचं आणि पुन्हा लावायची. बांबूवाल्यांचा दावा असा की तबकडी झिजत नाही आणि आवाज कसा मुलायम येतो. पोलादवाल्यांचं म्हणणं, मुलायम कसला, फुसका येतो. ऑर्केस्ट्रा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. आपल्याकडे किराणा आणि ग्वाल्हेर अशी घराणी होती, तिकडे पोलाद आणि बांबू अशी होती, आणि दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांच्या कानांविषयी सारखाच आदर होता. काही मंडळी आणखी पुढे जाऊन काट्याच्या सुया वापरत. काटा, म्हणजे खराखुरा, झाडाचा. संशोधनाची ही दिशा पाहता चौथं घराणं हळदीच्या गड्ड्याचं निघालं असतं तरी आश्चर्य वाटलं नसतं.

या भांडणाचा कच्चा माल मात्र आपल्याकडून जात होता. तबकडी बनायची शेलॅकची आणि शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसायचे, छोटा नागपूरसारख्या प्रदेशातल्या लोकांनी ती खरवडून काढायची, आणि तिकडे सॅव्हिल रोवर शिवलेला सूट घातलेल्या गृहस्थाने तिच्यावर कारूसो ऐकत खरखर फार येते म्हणून मासिकाला पत्र लिहायचं. दुसऱ्या महायुद्धात लाखेची चणचण झाली, तेव्हा जुन्या तबकड्या मोडीत घेऊन नव्यांसाठी वापरल्या गेल्या. पळसाला पानं तीनच, इथे काय आणि तिथे काय, हे इतक्या शब्दशः दुसरीकडे कुठे सिद्ध झालं नसेल.

सुईच्या पुढचा टप्पा कर्ण्याचा. त्या काळातल्या अस्सल शौकिनांत ई. एम. जी. नावाच्या हातबनावटीच्या ग्रामोफोनचा दबदबा होता. त्याचा कर्णा कागदाच्या लगद्याचा, अडीच फुटांहून रुंद तोंडाचा. लगद्यासाठी लंडनच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या वापरत, असं सांगतात. म्हणजे बाखचं संगीत हजारो अनोळखी लंडनकरांच्या नावपत्त्यांतून गाळून बाहेर यायचं. आपल्याकडे डिरेक्टरीचा सर्वोच्च उपयोग म्हणजे लहान पोराला जेवणाच्या टेबलाशी उंच बसवणं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सने या यंत्राचे जनक ई. एम. जिन यांच्याच हातचा ग्रामोफोन डॉर्सेटमधल्या आपल्या छोट्या घरात ठेवला होता. वाळवंट जिंकून आलेल्या माणसालाही शेवटी चांगला कर्णा लागतोच.

आणि मग आलं १९२५. तोवर गायक कर्ण्यात तोंड घालून गात होते, आता मायक्रोफोन आला. आज आपण ज्याला रेकॉर्डिंग म्हणतो ते तिथून सुरू झालं. साहजिकच संपादक मॅकेंझी संतापला. 'स'काराचे आवाज कानात घुसतात, व्हायोलिनांचा ताफा कर्कश वाटतो, आणि सिंफन्या अमेरिकन उच्चारात ऐकायची आपल्याला हौस नाही, असा त्याचा सूर होता. पुढे त्याचं मत बदललं आणि विजेवरच्या रेकॉर्डिंगचं कौतुक त्याच मासिकात यथासांग छापून येऊ लागलं. मत बदलण्यात काही गैर नाही. पूर्वी ते सुखाने बदलता यायचं, कारण आधीचं मत कपाटात खाली आणि नंतरचं वर असे. आता दोन्ही एकाच यादीत एकाखाली एक येतात.

पुढची शंभर वर्षं याच कार्यक्रमाच्या पुनरावृत्ती आहेत. डेक्काने जून १९५०मध्ये ब्रिटनमध्ये एलपी आणली. ईएमआयने अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवर श्रद्धा ठेवून ऑक्टोबर १९५२पर्यंत वाट पाहिली आणि तोवर डेक्काने बाजार मारला. १९५८ला स्टीरिओ आला. आपल्याला दोन कान आहेत हे मान्य करायलाही काही रसिकांनी वेळ घेतला. मार्च १९८३मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली ती 'निर्दोष आवाज, कायमचा' अशी द्वाही फिरवत. मग इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८च्या सुमारापासून काही वर्षं निघालेल्या कितीतरी डिस्का कडेकडेने तांबूस पडत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. कायमचाची मुदत अशी सहा-सात वर्षांत भरली. जुने अंक सलग चाळणाऱ्याला कळतं की खरखर कमी कमी होत गेली तसतशी कुरकुर वाढत गेली. पूर्वी खरखरीतून संगीत ऐकावं लागे म्हणून तक्रार होती, आता खरखर नाही म्हणून संगीतात ऊब नाही अशी तक्रार आहे.

हे सगळं वाचायला मिळतं ते यंत्राने पानं वाचून ठेवली म्हणून, आणि यंत्राचं वाचन हा एक स्वतंत्र करमणुकीचा विभाग आहे. बारीक इंग्रजी छपाईत 'आर' आणि 'एन' शेजारी आले की यंत्राला ते 'एम' वाटतात. त्यामुळे 'मॉडर्न' संगीताला नावं ठेवणारा १९२६चा समीक्षक शोधयादीत 'मोडेम' संगीताला नावं ठेवताना आढळू शकतो. बिचारा द्रष्टा ठरतो. पान दोन स्तंभांचं असलं आणि यंत्राने ते आडवं वाचलं, की शूबर्टच्या दुःखाचं विवरण वाक्याच्या मध्यावर सुलभ हप्त्यांत मिळू लागतं. नावांचा घोळ वेगळाच. चायकोव्हस्की हा एकच माणूस तबकड्यांवर आणि लेखांत तीन-चार परींनी लिहिलेला असतो. रॅखमॅनिनोव्हच्या शेवटी 'व्ही' की दोन 'एफ', यावर शोध फळणार की फसणार ते ठरतं. ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर अब्दुल करीम खाँ किंवा गौहर जान यांची रोमन लिपीतली नावं वाचली आहेत, त्यांना याचं काही वाटणार नाही. पण बाहेरच्या माणसाला वाटतं की रशियात चार चायकोव्हस्की होते आणि त्यातला एकच बरा होता.

मराठी रसिक आणखी एक गोष्ट हमखास करतो. आधी बीथोव्हन शोधतो, मग मोझार्ट, आणि मग मागे कुणी उभं नाही ना हे पाहून 'बॉम्बे' शोधतो. तिथे १९३६ साली मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता भेटतो. मग तो रविशंकर शोधतो, अली अकबर खाँ शोधतो. यहुदी मेन्युहिनने प्रास्ताविक केलेली खाँसाहेबांची १९५५ची एलपी शोधतो. गोऱ्या साहेबाला आपला राग कळला की नाही, हे पाहायची उत्सुकता स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनीही ओसरलेली नाही. कळला नसेल तर रसिक खूश होतो. कळला असेल तर जास्तच खूश होतो.

पण या संग्रहाचं खरं उपद्रवमूल्य कळतं ते जॉइस हॅटोच्या प्रकरणात, आणि तिथे जरा थांबायला हवं.

जॉइस हॅटो या इंग्रज पियानोवादक. दुर्धर आजारामुळे त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबवले, असं सांगितलं जाई. पण म्हातारपणी त्यांच्या नावावर एकामागून एक शंभराहून जास्त सीडी निघाल्या. लिस्ट, शोपॅं, रॅखमॅनिनोव्ह, सगळं अवघड संगीत आणि सगळं लखलखीत. प्रकाशक खुद्द त्यांचे यजमान, विल्यम बॅरिंग्टन-कूप. समीक्षकांनी या अज्ञात तपस्विनीवर स्तुतीचा वर्षाव केला. २००६च्या जूनमध्ये बाई वारल्या. २००७च्या फेब्रुवारीत कुणा श्रोत्याने त्यांची लिस्टची सीडी कॉम्प्युटरमध्ये सरकवली. कॉम्प्युटर तुकड्यांच्या लांबीवरून सीडी ओळखतो. त्याला स्तुती वाचायची सवय नव्हती, म्हणून त्याने सरळ सांगितलं की वाजवणारा लास्लो सिमॉन आहे. 'ग्रामोफोन'ने ध्वनितज्ज्ञाकडून आवाजाच्या लहरी ताडून घेतल्या आणि प्रकरण फोडलं. मग एकेक सीडी उसनी निघू लागली. ब्राम्सचा दुसरा कन्चेर्तो अश्केनाझीचा, त्यामागचा ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक. रॅखमॅनिनोव्ह येफिम ब्रॉन्फमनचा. कुठे कुठे वेग थोडा ताणून मूळ ओळख पुसलेली. रने कोलर नावाचा जो कंडक्टर सीडीवर होता, तो चरित्रासकट रचलेला. यजमानांनी आधी कानावर हात ठेवले. नंतर कबुली दिली की वाजवताना पत्नी वेदनेने कण्हत असे, ते झाकायला दुसऱ्यांचे तुकडे जोडता जोडता हे वाढत गेलं.

या गृहस्थांचा या क्षेत्रातला अनुभव जुना होता. त्यांच्या एका जुन्या स्वस्त एलपीवर 'शहरजाद'चा कंडक्टर म्हणून विल्हेल्म हॅवागेस असं भारदस्त जर्मन नाव छापलेलं होतं. ते मोठ्याने, इंग्रजी वळणाने म्हणून पाहावं. 'ओळखा पाहू' असं चोराने पाटीवरच लिहून ठेवलं होतं.

आता संग्रहाची करामत. ब्रॉन्फमनच्या रॅखमॅनिनोव्हचं परीक्षण नव्वदच्या दशकात 'ग्रामोफोन'मध्ये आलं होतं आणि ते बेताच्या उत्साहाचं होतं. तेच वादन हॅटोबाईंच्या नावाने आलं तेव्हा त्याच मासिकात, त्याच समीक्षकाने ते डोक्यावर घेतलं. तेच हात, तोच पियानो, तेच सूर. बदललं ते फक्त वेष्टन आणि त्यामागची करुण कहाणी. ही दोन परीक्षणं शेजारी मांडायला कुणा संशोधकाला आयुष्य वेचावं लागलं नाही.

हसायला सोपं आहे, पण त्या समीक्षकाची कीव येते. कारण त्याने जे केलं ते आपण सगळे करतो. पडद्यामागे कोण गातंय हे न सांगता तबकडी लावली तर पुण्यातल्या अर्ध्या मैफलींनंतरच्या चर्चा बंद पडतील. उरलेल्या अर्ध्या लोक चहाला थांबतात म्हणून चालू राहतील.

पिढ्यान्‌पिढ्या समीक्षकाला रद्दीवाल्याचं संरक्षण होतं. आज एखाद्याला 'उद्याचा महान गायक' म्हणावं आणि तो परवा बँकेत चिकटावा, तर फार तर सहा महिने ओशाळं वाटायचं. मग अंक गठ्ठ्यात, गठ्ठा तराजूत आणि मत भेळेच्या पुडीत. आता रद्दीवाला मधून गळला आहे. 'युगप्रवर्तक' हा शब्द एखाद्याने चाळीस वर्षांत किती जणांना वाहिला, हे शोधाच्या चौकटीला विचारलं तर ती भीडभाड न ठेवता यादी देते.

तिकडच्या समीक्षकांनी एक सावधगिरी मात्र घेतली होती. कित्येक दशकं ते परीक्षणाखाली नुसती आद्याक्षरं टाकत. 'ए. आर.' म्हणजे अलेक रॉबर्टसन, हे नेहमीच्या वाचकाला ठाऊक. पाहुण्याला त्याचा पत्ता लागत नसे. आपल्याकडे केशवराव भोळे 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' अशा नावांनी लिहीत. गायकांची नाराजी काय असते ते त्यांना चांगलं ठाऊक असावं.

आपल्याकडच्या या कुरकुरीचाही साठा थोडाथोडका नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' प्रा. बी. आर. देवधरांच्या संपादनाखाली १९४७ साली सुरू झालं. शिवाय साप्ताहिकांतली संगीतविषयक सदरं आहेत, दिवाळी अंकांतले लेख आहेत, नाट्यसंगीताच्या तबकड्यांच्या याद्या आहेत. ही पानं अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जिन्याखाली पडून आहेत. तुमच्याकडे असतील तर दिवाळीच्या साफसफाईत वजनावर घालू नका. जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला आधी विचारा. आणि अंक बांधून घेणार असाल तर बाइंडरला एवढं सांगा की मुखपृष्ठं, पत्रव्यवहार आणि जाहिरातींची पानं काढून टाकू नकोस. लेख लोक नंतर वाचतील. आधी सगळे सुयांच्या जाहिरातीच शोधणार आहेत.